शब्द कोणाचे, टाळ कोणाचे?

आरे कॉलनीतून मरोळच्या बाजूला बाहेर पडले की सीप्झची भिंत लागते. त्या भिंतीच्या आत, दागिने घडवणाऱ्या आणि संगणकाचे काम करणाऱ्या कंपन्यांच्या इमारतींमध्ये, छप्पर नसलेले एक पडके चर्च उभे आहे. जेझुइट पाद्र्यांनी ते १५७९ साली बांधले आणि साथीच्या रोगानंतर १८४० मध्ये ते ओस पडले. त्याचे नाव सेंट जॉन द इव्हँजेलिस्ट, मराठीत सांगायचे तर सुवार्तिक संत योहान. सुवार्ता लिहिणारा, सांगणारा तो सुवार्तिक.

याच मुळातून इंग्रजीत आणखी एक विशेषण आले : इव्हँजेलिकल. अर्थ मात्र पुष्कळच वेगळा. साष्टीतल्या जुन्या ख्रिस्ती गावांचा पंथ कॅथलिक. इव्हँजेलिकल ही अठराव्या शतकात इंग्लंड-अमेरिकेतल्या प्रोटेस्टंटांत उसळलेली चळवळ. तिचे म्हणणे थोडक्यात असे : बायबल हे अंतिम प्रमाण, ख्रिस्ताचे वधस्तंभावरचे मरण हा श्रद्धेचा गाभा, जन्माने किंवा विधीने कोणी ख्रिस्ती होत नाही, प्रत्येकाला आपल्या अंतःकरणातला पालट स्वतः अनुभवावा लागतो, आणि ज्याला तो अनुभव आला त्याने तो इतरांना सांगत सुटावे. ही चार मते नगरच्या आणि केडगावच्या मातीत पडली तेव्हा मराठी भाषेचे काय झाले, हा माझ्या गेल्या काही वर्षांच्या वाचनाचा विषय आहे. मी ख्रिस्ती नाही आणि माझी पदवी वाणिज्य शाखेची. ग्रंथालयांच्या वेळा सांभाळत जे वाचता आले त्यातून हा लेख झाला.

मराठीतला ख्रिस्ती मजकूर प्रोटेस्टंटांच्या फार आधीचा आहे. थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाचे ‘क्रिस्तपुराण’ गोव्यात राचोलला १६१६ मध्ये छापले गेले. अकरा हजारांच्या आसपास ओव्या, त्याही रोमन लिपीत. त्यात स्वर्गाला ‘वैकुंठ’ म्हटले आहे. फादर स्टीफन्सना त्यात वावगे वाटले नाही. ऐकणाऱ्याच्या कानाला ओळखीचा शब्द द्यावा आणि आत नवा अर्थ भरावा, ही त्यांची रीत. हा शब्द ध्यानात ठेवा, कारण तीनशे वर्षांनी याच रीतीवर मराठी ख्रिस्ती माणसांत दोन टोकांची मते पडलेली दिसतात.

अमेरिकन मराठी मिशनचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे पहिले दोघे फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईत उतरले. त्या वेळी ईस्ट इंडिया कंपनीला मिशनरी नको होते, शिवाय अमेरिका आणि इंग्लंड यांच्यात युद्ध चालू होते. त्यामुळे या दोघांना परत धाडण्याचे घाटत होते. गव्हर्नर सर इव्हान नेपियन यांनी ते लांबवले. त्याच वर्षी लंडनच्या पार्लमेंटात विल्बरफोर्स आणि त्यांच्या इव्हँजेलिकल मित्रांनी कंपनीच्या नव्या सनदेत मिशनऱ्यांना वाट करून दिली. हॉल यांनी मराठी शिकून नव्या कराराच्या भाषांतरात स्वतःला गाडून घेतले. १८२६ च्या मार्चमध्ये नाशिककडून परतताना पटकीने ते वारले. मिशनच्या छापखान्यातून मराठी नवा करार बाहेर पडला तो त्याच वर्षी. या छापखान्याचे मराठी मुद्रणावर मोठे ऋण आहे : गणपत कृष्णाजी आणि निर्णयसागरचे जावजी दादाजी हे दोघेही तिथे काम पाहून तयार झाले. १८४२ मध्ये नगरला ‘ज्ञानोदय’ सुरू झाले.

हे सगळे बहुतेकांना माहीत असते. पाठ्यपुस्तके इथेच थांबतात, मला मात्र खरी गंमत पुढे वाटते. ग्रंथ मराठीत आला, तरी उपासना मराठी झाली नाही. प्रत्येकाने ग्रंथ आपल्या भाषेत वाचावा, हा इव्हँजेलिकल मिशनऱ्यांचा आग्रह होता आणि त्यासाठी ते जिवावर उदार झाले. पण रविवारी देवळात गायचे काय? तर इंग्रजी स्तोत्रांच्या चालीत बसवलेले मराठी शब्द. ज्यांनी असे गायन कधी ऐकले असेल त्यांना अडचण कळेल. इंग्रजी स्तोत्राची चाल आघातावर उभी असते. आपल्याकडे अक्षरे लघु-गुरूने किंवा नुसत्या संख्येने मोजतात. चालीचा जोर नेमका ऱ्हस्व अक्षरावर आला की शब्द मोडतो, अर्थ लंगडतो. याउलट मोठ्या अभंगाचा चरण सहा, सहा, सहा आणि चार अक्षरांचा. दुसऱ्या-तिसऱ्या खंडाला यमक. टाळाच्या ठेक्यावर निरक्षर माणूसही तो एकदा ऐकून म्हणतो. नगर जिल्ह्यातल्या गावोगावच्या मंडळ्या प्रामुख्याने महार आणि मांग समाजातल्या माणसांनी उभ्या केल्या होत्या. त्यांच्या घरी एकतारी होती, चोखोबांचे अभंग होते. त्यांनाच बाजाच्या पेटीवर परदेशी चाल गिरवायला लावणे ही उलटी गंगा होती. कृष्णराव सांगळे यांच्यासारख्यांनी ख्रिस्ती कीर्तन उभे केले तेव्हा लोक का जमू लागले, याचे उत्तर इथेच आहे.

नारायण वामन टिळक या चित्रात येतात ते १८९५ मध्ये. दापोली तालुक्यातल्या करजगावी ६ डिसेंबर १८६१ रोजी जन्म, संस्कृताचा व्यासंग, कवी म्हणून नाव होऊ लागलेले. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि घर उन्मळून पडले. ती कहाणी लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’मध्ये अशी सांगून ठेवली आहे की दुसऱ्या कोणी पुन्हा सांगू नये. मी इथे फक्त टिळकांच्या गाण्याबद्दल बोलतो.

तुकोबांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो, असे टिळक सांगत. हे वाक्य आता इतके गुळगुळीत झाले आहे की त्यातली धार कळत नाही. इव्हँजेलिकल शिकवणीत जुने आयुष्य आणि नवे आयुष्य यांच्यामध्ये एक ठसठशीत रेघ असते. रेघेच्या अलीकडचा अंधार, पलीकडचा प्रकाश. टिळकांनी त्या रेघेवर पूल टाकला. तुकोबा अंधारात नव्हते, असे ते म्हणत होते. हे धर्मशास्त्राच्या दृष्टीने लहान विधान नाही. मग त्यांनी अभंग, भजने, पदे लिहिली. ती नगरच्या मंडळ्यांत पसरली आणि ‘उपासना संगीत’ या स्तोत्रसंग्रहाचा मोठा वाटा बनली. ख्रिस्ताला मायबाप, गुरू, सखा म्हणून हाक मारण्याची मराठी मुभा त्यांच्यामुळे मिळाली.

मिशनमधले सगळेच गोरे याला विरोध करत होते, असा एक सोपा समज आपल्याकडे आहे. तो टिकत नाही. स्कॉटिश मिशनचे मरे मिचेल एकोणिसाव्या शतकाच्या मध्यालाच तुकारामावर लिहीत होते. निकोल मॅकनिकोल यांनी मराठी संतांच्या अभंगांची इंग्रजी भाषांतरे १९१९ मध्ये प्रसिद्ध केली. आणि अमेरिकन मराठी मिशनचेच जस्टिन अॅबट! या गृहस्थांनी उतारवयात एकनाथ, बहिणाबाई, तुकाराम, रामदास असे एकेक चरित्र इंग्रजीत आणण्याचा सपाटा लावला. ‘क्रिस्तपुराणा’ची देवनागरी हस्तलिखित प्रत लंडनच्या मार्सडेन संग्रहात आहे, हे अभ्यासकांच्या नजरेस त्यांनीच आणले. धर्म सांगायला आलेला माणूस संतांचा भाषांतरकार होतो, ही मला धर्मांतराइतकीच मोठी घटना वाटते.

तरी टिळक आणि मिशन यांचे जमेना. कारण गाण्यापुरते नव्हते. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली, पगार सोडला, संन्यासी वृत्तीने राहायचे ठरवले आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. या दरबारात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त एकत्र बसणार होते. चर्चच्या शिस्तीला हे मानवणे कठीण. बाप्तिस्मा ही साधी नोंद नाही. ज्याने त्यासाठी घर, वाटा आणि जात गमावली त्याला ‘न घेतलेलाही तुझ्याइतकाच’ असे सांगणे म्हणजे त्याच्या किमतीवर पाणी सोडणे. गावकुसाबाहेरच्या ख्रिस्ती माणसाचा हा आक्षेप मला पटतो. पण टिळकांचा मुद्दा चळवळीच्या मूळ मतातूनच निघाला होता, हेही नाकारता येत नाही. अंतःकरणाचा पालट हाच जर खरा, विधी गौण, तर देवळाच्या नोंदवहीत नाव नसलेल्याला बाहेर कसे ठेवायचे? मिशनऱ्यांनी शिकवलेला धडा शिष्याने शेवटपर्यंत वाचला, एवढेच. दरबाराला दोन वर्षेही नीट मिळाली नाहीत. ९ मे १९१९ रोजी टिळक मुंबईत वारले.

आता केडगाव. पंडिता रमाबाईंबद्दल आपल्याकडे दोन चित्रे आहेत : शारदा सदनाची सुधारक रमाबाई, जिचा आपण अभिमान बाळगतो; आणि मुक्ती मिशनची धर्मप्रचारक रमाबाई, जिच्यापाशी आपण जरा घुटमळतो. हे दोन तुकडे करणे त्यांच्यावर अन्याय आहे. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटेजला त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो अँग्लिकन चर्चमध्ये. त्यानंतर सिस्टर जेराल्डीन आणि डोरोथिया बील यांच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार वाचावा. बिशप सांगतात म्हणून मी मानणार नाही, मला बायबलात दाखवा, असा त्यांचा पवित्रा. त्रैक्याच्या सिद्धांतावर त्यांनी प्रश्न केले, मांसाहार नाकारला. गळ्यातल्या क्रूसावर लॅटिन अक्षरे कशासाठी, आमची संस्कृत काय वाईट, असेही त्यांनी सुनावले. १८९१ च्या सुमारास विल्यम हॅस्लम या इंग्रज पाद्र्याचे आत्मकथन वाचताना त्यांना जाणवले की आपण ख्रिस्ती धर्म पत्करला, ख्रिस्त मात्र अजून भेटलेला नाही. हॅस्लम यांचा पालट चर्चमध्ये पाद्री म्हणून काम करत असतानाच झाला होता. इव्हँजेलिकल अनुभवाची ही अगदी खास खूण. आपल्या आत्मनिवेदनात रमाबाईंनी हा प्रवास स्पष्ट लिहिला आहे.

पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणि १९०० च्या दुष्काळात गुजरातेतून त्यांनी शेकडो मुली-बायका केडगावला आणल्या. त्यांतल्या पुष्कळ निरक्षर, कित्येकींची मातृभाषाही मराठी नव्हती. या बायकांसमोर रमाबाईंनी त्या वेळचे प्रचलित मराठी बायबल ठेवले आणि त्यांना ते खटकले. त्यातली भाषा पंडिती होती. शिवाय त्यातले कितीतरी संस्कृत शब्द वेदान्ताचा आणि पुराणांचा अर्थ आपल्याबरोबर घेऊन येत होते. बायबल सोसायटीच्या कामावर त्या तुटून पडल्या आणि स्वतः भाषांतराला बसल्या. त्यासाठी हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. मुक्तीच्या छापखान्यात बायकाच खिळे जुळवत, बायकाच छापत. नवा करार आधी निघाला. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये, म्हणजे ५ एप्रिल १९२२ रोजी त्या वारल्यानंतर. अखेरची मुद्रिते तपासून झाली आणि मग त्यांनी डोळे मिटले, असे सांगतात.

ज्या बाईने क्रूसावर संस्कृत मागितली तिनेच बायबलातून संस्कृत हुसकली, हे कोडे मला बराच काळ सुटत नव्हते. पहिल्या वेळी समोर इंग्रज होते. त्यांना दाखवायचे होते की आमची भाषा तुमच्या लॅटिनपेक्षा उणी नाही. दुसऱ्या वेळी समोर होती दुष्काळातून आलेली बाई, जिच्या कानाला संस्कृत आणि लॅटिन सारखीच परकी. अनंतशास्त्री डोंगऱ्यांच्या मुलीला संस्कृत घरची. पण बाईमाणसाला ती शिकवली म्हणून वडिलांना काय सोसावे लागले, हेही तिला ठाऊक होते. ज्या भाषेच्या दारावर पहारा होता, त्या भाषेतून मोकळीक सांगायची कशी? मग स्टीफन्सचे वैकुंठ इथे चालेना. ओळखीच्या शब्दात नवा अर्थ भरता येतो, हे स्टीफन्स आणि टिळक यांचे गृहीतक. जुना अर्थ शब्द सोडत नाही, हे रमाबाईंचे. गंमत एवढीच की संस्थेचे नाव त्यांनी ‘मुक्ती’ ठेवले. त्या शब्दामागे तर उपनिषदांपासूनची परंपरा उभी आहे! तो मात्र त्यांनी सोडला नाही.

आणि तरीही त्यांना ‘पाश्चात्त्य वळणाच्या’ म्हणून मोकळे होता येत नाही. १९०५ च्या जूनमध्ये मुक्तीत जे घडले त्याला ख्रिस्ती इतिहासात ‘पुनरुज्जीवन’ म्हणतात. प्रार्थनेला बसलेल्या मुली रडू लागल्या, थरथरू लागल्या, मोठमोठ्याने एकदमच प्रार्थना करू लागल्या, नाचल्या, काही अनोळखी भाषांत बोलल्या. कित्येक मिशनऱ्यांना हे पसंत पडले नाही. शिस्तीची, एकामागून एक होणारी प्रार्थना त्यांच्या सवयीची. रमाबाई मुलींच्या बाजूने उभ्या राहिल्या. हिंदुस्थानातली माणसे आपल्या रीतीने रडतील, आपल्या रीतीने गातील. पवित्र आत्म्याने इंग्रजी शिष्टाचार पाळावेत असा हट्ट कशाला, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय. म्हणजे शब्दांच्या बाबतीत कडक असलेल्या रमाबाई देहाच्या बाबतीत टिळकांहूनही मोकळ्या होत्या. टिळकांनी टाळ दिला तो तालात वाजवायला. केडगावच्या मुलींनी ताल सोडला तेव्हा रमाबाईंनी त्यांना थांबवले नाही.

या घटनेचे पडसाद फार लांब गेले. जगभरच्या पेंटेकोस्टल चळवळीचा उगम साधारणपणे लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटवर, १९०६ मध्ये दाखवतात. मुक्तीचा प्रसंग त्याच्या आधीचा. मुक्तीत काम करणाऱ्या मिनी एब्रम्स या मेथडिस्ट बाईंनी त्यावर एक पुस्तिका लिहिली. तिची प्रत दक्षिण अमेरिकेत चिलीतल्या वाल्पराइसोला हूवर दांपत्याकडे पोहोचली आणि तिथे १९०९ मध्ये स्वतंत्र पेंटेकोस्टल चळवळ उभी राहिली. दौंडजवळच्या एका आडगावातून निघालेली गोष्ट पॅसिफिकच्या किनाऱ्यावर रुजली, आणि आपल्या मराठी वाङ्मयेतिहासांत तिला जागा नाही. आम्ही रमाबाईंचे ‘स्त्रीधर्मनीती’ वाचतो आणि पुढची पाने उलटतो.

पुढे काय टिकले? नगरच्या मंडळ्या आधी एकत्रित चर्चमध्ये आणि मग १९७० मध्ये नागपुरात स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियात गेल्या. तिथे टिळकांची भजने राहिली. टिळकांनी सुरुवातीची प्रकरणे लिहून सोडलेले ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी चौसष्ट प्रकरणे रचून पुरे केले. शाळेची पायरी न चढलेल्या बाईने ओव्यांत लिहिलेले हे काव्य, यावर वेगळा लेख व्हायला हवा. रमाबाईंचे बायबल मात्र मुक्तीच्या परिघापलीकडे फारसे गेले नाही. मंडळ्या बायबल सोसायटीचीच भाषांतरे वाचत राहिल्या. म्हणजे मराठी ख्रिस्ती माणूस टिळकांच्या चालीत गातो आणि रमाबाईंना न पटलेल्या परंपरेतले शब्द वाचतो. बाप्तिस्मा, तारण, शुभवर्तमान हे शब्द आता कोणाला परके वाटत नाहीत. शंभर-दीडशे वर्षे वापरून ते घरचे झाले आहेत.

आमच्या आरे-मरोळ पट्ट्यात आज तीन प्रकारचे ख्रिस्ती सूर ऐकू येतात. जुन्या ईस्ट इंडियन घरांचे, आपल्या बोलीतले. नोकरीसाठी नगर-जालन्याकडून आलेल्या कुटुंबांचे, ज्यांच्या घरी ‘उपासना संगीत’ची कव्हर घातलेली प्रत असते. आणि तिसरे, रविवारी भाड्याच्या खोलीत भरणाऱ्या नव्या प्रार्थनासभांचे. तिथे कीबोर्ड आणि ड्रम असतात, गाणी बरीचशी हिंदी, काही इंग्रजीवरून बेतलेली, सगळे एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करतात. शेजारीपाजारी या आवाजाला विदेशी म्हणून नाक मुरडतात. जुन्या मंडळ्यांतल्या वडीलधाऱ्यांनाही तो थिल्लर वाटतो. टिळकांच्या पदातला एक शब्द बदलला तर हीच मंडळी भांडायला उठतील, आणि त्यांच्या पणजोबांच्या काळी त्याच पदांना ‘हे तर हिंदूंचे भजन’ असे कोणी म्हटले असेल तर मला नवल वाटणार नाही.

नव्या सभांतल्या गाण्यांचे मराठी मला कच्चे वाटते, हे माझे मत मी लपवत नाही. चालीचा जोर पुन्हा ऱ्हस्वावर येऊ लागला आहे. १८२६ नंतरची सगळी खटपट जणू कोणी केलीच नाही. पण एकदम मोठ्याने होणारी ती प्रार्थना विदेशी नाही. तिचा एक पत्ता केडगावचा आहे.

रमाबाईंनी मराठी वाचकांसाठी हिब्रूचे व्याकरणही तयार केले होते. मूळ भाषेतून पडताळून पाहायला मुक्तीतल्या बायकांना कोणा पंडिताचे किंवा पाद्र्याचे तोंड पाहावे लागू नये, एवढ्यासाठी.